हलवायाची कढई आणि काचेचा मोर

आधीच सांगून टाकतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं असेल तर पोटात घाला आणि गोष्ट तेवढी ऐका.

फार पूर्वी, माणसं घर घेण्याआधी त्या घरालाच कौल लावायची, तेव्हाची ही गोष्ट. दोन टेकड्यांच्या मध्ये एक गाव होतं. त्या गावात घर बघायला कुणी रिकाम्या हातानं जात नसे. आपल्या जुन्या घरातली एक लाडकी वस्तू बरोबर न्यायची. कुणी जातं नेई, कुणी पाळणा, कुणी पोपटाचा पिंजरा. ती वस्तू घेऊन घरभर हिंडायचं आणि तिला जागा शोधायची. जागा सापडली, वस्तू तिथं नीट बसली, की घर पसंत. याला गावात 'टेकवण' म्हणत.

टेकवणीचा एकच नियम होता, पण तो कडक होता. घरात आधीपासून असलेली वस्तू पाहुण्यानं हलवायची नाही. दुसऱ्याची वस्तू हलवणं म्हणजे त्या माणसालाच 'ऊठ इथून' म्हणणं, असं तिथली माणसं मानत.

त्या गावात एक तरुण राहायचा. विकायला काढलेली घरं सजवून द्यायची, हे त्याचं काम. लोक त्याला सजव्या म्हणत. स्वभावानं फार लाजाळू. कुणाशी बोलताना मान खाली, पण पडद्याला चुणी घालताना किंवा भिंतीला रंग देताना तोंडात गाणं.

सुरुवातीला त्याच्याकडे सामान असं काही नव्हतंच. चुन्याची बादली, झाडू, झेंडूची एखादी माळ. तो भिंती पांढऱ्या करायचा, खिडक्या पुसायचा, दारात रांगोळी काढायचा आणि बाजूला उभा राहायचा. घरं पटापट जायची. त्याचं नाव झालं. नाव झालं तसं सामान वाढलं. तक्के आले, गालिचे आले, तिवया आल्या, रंगीत हंड्या आल्या. पुढं पुढं त्याला रिकामा कोपरा बघवेना.

"रिकामा कोपरा म्हणजे पडलेला दात," तो म्हणायचा. "हसताना नेमका तोच दिसतो."

त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर त्याला कासारआबांनी बोलावलं. आबा आणि कासारीणकाकू, दोघंच घरात. त्यांची एकुलती एक लेक नदीपलीकडच्या गावात दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. तिच्या शेजारचंच घर रिकामं झालं होतं. त्या घराच्या मालकानं शब्द दिला होता, पण अट घालून. "दसऱ्याचा दिवस मावळेपर्यंत थांबतो. नाही आलात, तर दुसऱ्याला देतो."

आणि इथलं घर गेल्याशिवाय तिथलं घेता येत नव्हतं.

"भिंतीला भिंत लागून आहे बघ," काकू सजव्याला सांगत होत्या. "लेकीचा निरोप आलाय. म्हणते, आई, रात्री बाळ रडलं तर मला हाक मारावी लागायची नाही. तू आपोआपच येशील." बोलता बोलता त्यांनी जुन्या लुगड्याची शिवलेली दुपटी दाखवली. मऊ, घडी घातलेली, गाठोड्यात बांधून तयार.

सजव्याचा जीव गलबलला. "काकू, काळजीच करू नका," तो म्हणाला. "असं घर सजवतो, की बघणारा पापणी लववायचा नाही."

आणि त्यानं खरंच तसं सजवलं. ओसरीवर गालिचा, त्यावर तक्के, तक्क्यांना गोंडे. प्रत्येक कोनाड्यात फुलदाणी. प्रत्येक कोपऱ्यात तिवई, तिवईवर मोरपिसांचा चंबू. कडीपाटाच्या प्रत्येक कडीला रंगीत हंडी. आणि माजघराच्या मधोमध त्याच्या हातचं आजवरचं सगळ्यात मोठं काम, काचेचा मोर. बांबूचा सांगाडा, त्यावर ओवलेले निळे-हिरवे मणी, आबांच्या कारखान्यातल्या पितळी पत्र्याचे डोळे. पिसारा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खिडकीतून ऊन आलं, की सगळं माजघर मोराच्या रंगात न्हाऊन निघायचं.

लोक बघायला लोटले. त्यात घर घेणारेही होते.

पहिले आले भजन गाणारे बुवा. खांद्याशी तंबोरा. "वा! वा!" करत ते आत शिरले आणि तंबोरा टेकवायला कोपरा शोधू लागले. या कोपऱ्यात तिवई. त्या कोपऱ्यात चंबू. तिसऱ्यात समई. चौथ्यात मोराचा पिसारा. बुवा झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन हिंडावं तसे तंबोरा घेऊन हिंडले. शेवटी घाम पुसत म्हणाले, "घर म्हणजे अगदी स्वर्ग आहे हो! बरं, ती तिवई देता का विकत?"

मग एक नवराबायको पाळणा घेऊन आले. पाळणा टांगायला एक कडी मोकळी मिळेना, सगळ्यांना हंड्या. त्यांनी दोन हंड्या विकत घेतल्या आणि पाळणा परत नेला. मग एक म्हातारबाबा आले, पोपटाचा पिंजरा घेऊन. पोपटानं मोर बघितला आणि असा काही किंचाळला, की बाबा उंबऱ्यातूनच मागं फिरले. जाताना एक तक्का मात्र घेऊन गेले.

"काय गंमत आहे बघा," काकू आबांना म्हणाल्या. "घर सोडून सगळं विकलं जातंय."

सजव्याला वाटलं, सजावट कमी पडते आहे. एक तिवई गेली, की तो दोन आणायचा.

अशात राणीसाहेबांच्या कारभाऱ्यांचा निरोप आला. काचेच्या मोराची कीर्ती वाड्यापर्यंत पोचली होती. नवा महाल बांधून झाला होता आणि तो सजवायला माणूस हवा होता. दसऱ्याच्या दुपारी कारभारी स्वतः मोर बघायला येणार होते. मोर आवडला, तर महालाचं काम सजव्याचं. त्या रात्री सजव्याला आनंदानं झोप लागली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कुंभाराची लेक तानी नव्या फुलदाण्या घेऊन आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली. सजव्याला सगळी मडकी तीच पुरवायची. त्याच्या घरी माल द्यायला जायची तेव्हा उंबऱ्यातूनच द्यायची, कारण त्याचं स्वतःचं घर तर सामानानं आढ्यापर्यंत भरलेलं. तिला 'बसा' म्हणावं असं सजव्याच्या फार मनात असे. पण आधी धीर होत नसे, आणि धीर झाला असता तरी बसवणार कुठं?

"घ्या हो सजवणारे," तानी दारातून म्हणाली. "कुठं ठेवू?"

"या ना आत. ठेवा कुठंही."

तानी आत आली. टोपली तिनं डोक्यावरून काढून हातात घेतली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "कुठंही म्हणजे नक्की कुठं?"

"तिथं... नको, तिथं समई आहे. मग त्या... नाही, तिथं चौरंग." सजव्या गोल गोल फिरू लागला. "जरा धरता का? विचार करतो."

"करा, करा. सावकाश करा." तानी टोपली पोटाशी धरून उभी राहिली. थोडा वेळ गेला. "विचार लांबचा आहे वाटतं?" आणखी थोडा वेळ गेला. "अहो, हात भरून आले माझे! भरल्या घरात मडकं ठेवायला जागा नाही, आणि माणसं म्हणे इथं राहायला येणार!"

सजव्यानं मान वर करून तिच्याकडं बघितलं. टोपली पोटाशी धरून उभी असलेली तानी. आणि एकदम त्याला तिच्या जागी तंबोरा खांद्याशी धरलेले बुवा दिसले. पाळणा धरलेले नवराबायको दिसले.

तो मटकन खाली बसला. म्हणजे बसायला गेला, पण खाली तक्का होता, त्यावरून घसरला आणि चंबूसकट आडवा झाला. तानी इतकी हसली, की टोपलीतली मडकी एकमेकांवर वाजायला लागली.

"काकू!" सजव्यानं पडल्या पडल्याच हाक मारली. "टेकवणीला जागाच नाही!"

काकू स्वयंपाकघरातून आल्या. "नाही खरी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

काकू पदराशी चाळा करू लागल्या. "एवढ्या हौसेनं लावत होतास रे. लावताना गुणगुणत असायचास. काढ म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"मी तर नवरात्रभर अंगणात जेवतोय," ओसरीवरून आबा म्हणाले. "आत ताट मांडायला गेलो, तर ताटालाच हिनं फुलं वाहिली. सजावट समजली ती!"

मग काय, चौघं कामाला लागले. तिवया निघाल्या, चंबू निघाले, हंड्या उतरल्या. कोनाडे मोकळे झाले. घर लांब श्वास सोडावा तसं ऐसपैस झालं. फक्त माजघरातला मोर राहिला.

"हा उद्या दुपारपर्यंत राहू दे," सजव्या हळूच म्हणाला. "कारभारी येऊन बघून गेले, की लगेच काढतो."

"राहू दे की," काकू म्हणाल्या. "एवढासा तर आहे," आणि पिसाऱ्याखालून वाकून पलीकडं गेल्या.

दसरा उजाडला. घर बघायला आता एकच जण यायचा राहिला होता, तो म्हणजे हलवाई. सणाचा माल विकून तो बायकापोरांसह येणार होता. दिवस वर चढला आणि आबा दारातून ओरडले, "आला! पण अरे... हे काय आणलंय यानं?"

सजव्यानं बाहेर डोकावलं. गल्लीच्या टोकाला एक काळीकुट्ट कढई चालत येत होती. बैलगाडीच्या चाकाएवढी. पुढं हलवाई, मागं त्याची बायको, दोघांच्या डोक्यावर कढई, आणि तिच्या सावलीतून चालणारी त्यांची पोरं.

सजव्यानं वळून घराकडं बघितलं. ओसरी अरुंद, स्वयंपाकघर लहान. तेवढी कढई बसेल अशी जागा अख्ख्या घरात एकच होती, माजघराचा मधला भाग. तिथं मोर उभा होता. ऊन नुकतंच आत आलं होतं आणि मणी असे चमकत होते, की जणू आता मोर नाचायलाच लागेल.

आबांनी बघितलं, काकूंनी बघितलं. मग काकूच म्हणाल्या, "राहू दे रे लेकरा. कारभारी यायची वेळ झालीय. महाल काही रोज दाराशी येत नाही. आम्ही काय, इथंही राहूच की." त्या हसल्या, पण हात नकळत कोपऱ्यातल्या दुपट्यांच्या गाठोड्यावर गेला, आणि त्याची गाठ सैल झालेली नसताना त्यांनी ती पुन्हा आवळली.

सजव्यानं ते बघितलं. त्यानं कोनाड्यातली कात्री उचलली आणि मोराच्या मानेपाशी गेला. तिथंच मुख्य दोरा होता. कितीतरी रात्रींची जागरणं त्या दोऱ्यात ओवलेली होती.

"आबा, परात आणा," तो म्हणाला. "मोठी."

आणि त्यानं दोरा कापला.

सर्र करून निळे-हिरवे मणी कोसळले. परातीत, घागरीत, कळशीत, आबांनी धरलेल्या प्रत्येक भांड्यात पाऊस पडावा तसे वाजले. उरलेले जमिनीवर सांडले. सजव्या आणि काकू रांगत रांगत मणी वेचू लागले, आणि बांबूचा सांगाडा परसात जातो न जातो तोच हलवाई दारात आला.

"आत येऊ का?" कढईखालून आवाज आला.

"या, या! सरळ या!"

हलवाई आणि त्याची बायको आत आले. माजघराच्या मधोमध थांबले. एकमेकांकडं बघितलं. बायकोनं डोळ्यांनीच विचारलं, इथं? हलवायानं मान डोलावली. दोघांनी कढई खाली ठेवली. ठण्ण! असा खणखणीत आवाज झाला, की कासाराच्या घरातली सगळी भांडी जागच्या जागी गुणगुणली.

"अगंबाई," हलवायाची बायको म्हणाली. "ही तर बोलली!"

हलवाई कढईभोवती एक फेरी मारून आला. मग जमिनीवर मांडी घालून बसला आणि मोठ्यानं हसला. "किती घरं हिंडलो! सगळीकडं आमची कढई दारातच राहायची, आणि आम्ही आत जाऊन दुसऱ्याची खुर्ची बघायचो. आबा, घर पसंत. आता हिला रिकामी नाही ठेवायची. चूल कुठाय? पहिला घाणा इथला!"

थोड्याच वेळात परसात मोठी चूल पेटली. कढई तिच्यावर चढली, तूप तापलं, आणि जिलबीचा वास सगळ्या आळीत गेला. हलवायाची पोरं माजघरात उरलेले मणी शोधत सरपटू लागली. तानी आपट्याची पानं द्यायला आली होती. तिच्या हातात कुणीतरी झारा दिला. आवाज, हसणं, पाकाची बोटं चाटणं.

आणि त्या गडबडीत दारात येऊन उभे राहिले राणीसाहेबांचे कारभारी. उन्हातून आलेले, घामेघूम. त्यांना कुणी नीट 'या' सुद्धा म्हटलं नाही. एका पोरानं त्यांच्या हातात जिलबी दिली आणि ते खाली बसले. दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. मग इकडं तिकडं बघून म्हणाले, "पण तो मोर कुठाय?"

सजव्यानं खाली मान घालून कळशी पुढं केली. "हा... यात आहे."

कारभाऱ्यांनी कळशीत डोकावलं. "हे तर मणी आहेत. राणीसाहेबांना मी मोर सांगितलाय. सजावट सांगितलीय! कुठाय सजावट?"

"कारभारीसाहेब," काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमची पगडी कुठाय?"

कारभाऱ्यांचा हात डोक्याकडं गेला. पगडी नव्हती. ते चपापले. मागं वळून बघितलं. पगडी शेजारच्या मोकळ्या कोनाड्यात होती. नीट, सरळ, जणू तो कोनाडा तिच्यासाठीच केला असावा. आत आल्या आल्या त्यांनीच ती तिथं ठेवली होती, आणि त्यांना स्वतःला कळलंही नव्हतं.

"ही बघा सजावट," काकू म्हणाल्या. "या पोरानं केलेली."

कारभाऱ्यांनी पगडीकडं बघितलं, भोवतालच्या मोकळ्या कोनाड्यांकडं बघितलं. मग पोट धरून हसायला लागले. "अहो, वाड्यात ही काढून ठेवायची म्हटलं, तर एक माणूस धरून उभा करावा लागतो हो! एक तिवई मोकळी नाही. आणा, आणखी एक जिलबी आणा."

महालाचं काम सजव्याला मिळालं. पण ते पुढं, आणि थोडंसंच. राणीसाहेबांनी त्याच्याकडून एक दालन रिकामं करून घेतलं. म्हणतात, की राणीसाहेब रोज संध्याकाळी तिथंच जाऊन बसत.

त्या दिवशी मात्र सूर्य मावळायच्या बराच आधी आबा-काकूंची गाडी नदीच्या उतारावर पोचली होती. सजव्या पाण्यापर्यंत सोडायला गेला. काकूंनी मण्यांची कळशी त्याच्या हातात परत दिली, पण त्यातले मूठभर मणी ठेवून घेतले.

"बाळाच्या पाळण्याला," त्या म्हणाल्या. "एवढा मोर पुरे." आणि गाडी पाण्यात उतरली.

तात्पर्य विचाराल, तर मला एवढंच कळलं: दुसऱ्यासाठी घर सजवायचं असेल, तर आपली हौस जिथं संपते तिथून पुढं थोडी जागा मोकळी सोडावी. बघणारा आपल्या सजावटीचं कौतुक करून निघून जातो. ज्याला बूड टेकायला जागा मिळते, तो राहतो.

आता सजव्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं, ते सांगून थांबतो.

तो उठला आणि स्वतःच्या घराकडं त्यानं पहिल्यांदा नीट बघितलं. दाराशेजारचा कोनाडा तक्क्यांच्या गोंड्यांनी आणि फुटक्या चंबूंनी ठासून भरला होता. त्यानं सगळं बाहेर काढलं. कोनाडा ओल्या फडक्यानं पुसला, चुन्याचा एक हात दिला. त्याखालची जमीनही मोकळी केली आणि तिथं एक साधी चटई अंथरली. कोनाड्यात एक फूल ठेवावं म्हणून हात पुढं गेला होता. त्यानं तो मागं घेतला.

एवढ्यात तानी आली. डोक्यावर टोपली. सवयीनं उंबऱ्यातच थांबली.

सजव्याचे कान लाल झाले. पण तो बोलला. "बसा ना."

तानीनं चटईकडं बघितलं. मग आत आली, टोपली खाली ठेवली, बसली. डोक्यावरची चुंबळ काढली आणि बोलता बोलता हात वर करून मोकळ्या कोनाड्यात ठेवली.

ठेवली, आणि दोघांच्याही एकदम ध्यानात आलं. चुंबळ कोनाड्यात नीट बसली होती.

आता ती उचलायची कुणी? दुसऱ्याची वस्तू हलवायची त्या गावात रीतच नव्हती, आणि तानीनं काही हात वर केला नाही.